छापील घोड्याचे कुंकू

पणजीच्या एका प्राध्यापकाने पेडण्यातल्या एका घराला फसवले. घरातले जुने इंग्रजी पुस्तक फोटो काढायला म्हणून नेले आणि त्याच्या जागी त्याची छापील नक्कल आणून दिली. मध्ये मी होतो. शब्द माझा होता. म्हणून त्या घराबरोबर त्याने मलाही फसवले, आणि माझ्या बाबतीत ते फारसे सोपे नव्हते, कारण मला फसवणे हा कोणाचाच धंदा होऊ शकलेला नाही.

मला ओळखणारे सांगतात की तू तापट आहेस, जरा थंड हो आणि मग लिही. थंड झाल्यावर माणूस कशाला लिहील? थंड झाल्यावर जेवतो आणि झोपतो.

माझे दुकान डिचोलीहून साखळीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जुने दरवाजे, शिसवी खुर्च्या, पितळी समया, पोर्तुगीज काळातल्या बशा, आरसे, पेट्या आणि त्यांच्याबरोबर येईल ते. बाप सिंधुदुर्गातून इकडे आला आणि खाणीवर ट्रक चालवला. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक फणसाखाली उभा राहिला आणि त्याच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी कोंबड्या हाकलल्या. लाटंबार्‍यात एकजण जुने घर पाडून स्लॅब घालत होता, त्याचा कोरीव दरवाजा जळणात जाणार होता. तो मी उचलला. तिथून पुढे जे काही आहे ते मी केले. कोणी हात धरून शिकवले नाही, कोणी ओळख लावून दिली नाही.

भाव करताना मी खोटे बोलतो. बोलायलाच लागते. सागाला मी तोंडावर सांगितले आहे की तू साग नाहीस. चांगल्या समयीला ठोका मारून तोंड वाकडे केले आहे. पण एकदा सौदा झाला की झाला. जी खुर्ची दाखवली तीच खुर्ची टेम्पोत चढते, तिची बहीण चढत नाही. आमच्या धंद्यातली सगळी लाज त्या एका गोष्टीत असते. बाकी आम्ही निर्लज्ज आहोत, हे मान्य.

पेडण्यातल्या त्या घरी मी प्रथम गेलो तो एका बाकासाठी. मोपाच्या विमानतळाकडे जाणारा नवा रस्ता सोडून आत वळले की काजूंच्या बागेला लागून ते घर आहे. घरधनी वास्कोला बंदरात कामाला, आठवड्याने घरी येणारा. काजू, घर, पोरांची शाळा, शेजार्‍यांची भांडणे, सगळे वहिनी बघते. वहिनी म्हणजे त्याची बायको. नाते काही नाही, पण तिला सगळा वाडा वहिनी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. बाक तिने दिला नाही. मी त्या बाकाला वाळवी लागली आहे म्हणालो तर तिने मला त्याच्यावर बसायला सांगितले आणि म्हणाली, "मोडलो तर न्हेवा."

मोडला नाही. पण त्या दिवशी दसरा होता आणि मला देवघर दिसले.

पाटावर पोथ्या मांडल्या होत्या, पोरांची पुस्तके होती, कोयता होता, स्कूटरची चावी होती. त्यांच्या मधोमध एक चामड्याचे जाड इंग्रजी पुस्तक उघडून ठेवले होते. उघडलेल्या पानावर घोडा. ठाशाने छापलेला, शेपूट वर करून उभा, डोळा रागीट. त्याच्या कानापासून खुरापर्यंत अंगातून रेघा निघालेल्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक अक्षरे. कुठे कोणता रोग होतो ते लिहिलेले असावे. माझे इंग्रजी भाव करण्यापुरते, आणि ते इंग्रजी तर फार जुने. पण घोडा कळायला इंग्रजी लागत नाही. वहिनीने बोटावर कुंकू घेतले आणि त्या छापील घोड्याच्या कपाळाला लावले.

दसर्‍याला घोडा पुजतात. त्या घरात जित्ता घोडा कधी होता की नाही ते देवाला ठाऊक. होता तो हा. तिच्या सासूने त्याला कुंकू लावले, सासूच्या सासूने लावले. कपाळावर बोटभर जाडीचा लाल थर साचला होता, कडेने फुटून खपल्या निघाल्या होत्या. पुस्तक घरात आले कसे, त्याची गोष्ट त्यांच्याकडे आहे. पूर्वजांपैकी कोणी वेंगुर्ल्याच्या बंदरात कापडाच्या व्यापार्‍यांकडे होता, तिथे एक आजारी खलाशी त्याच्या पडवीत पडून राहिला, बरा झाल्यावर जहाजावर चढला आणि उशाचे पुस्तक विसरून गेला. खरे-खोटे मी विचारत नाही. असल्या गोष्टी लावून मी खुर्च्या विकल्या आहेत, पण ही गोष्ट सांगताना ती काही विकत नव्हती.

पुस्तक विकणार का म्हणून विचारले. विचारणे माझा धर्म आहे.

"भाऊ," ती म्हणाली, "घरातलो घोडो कोण विकता?"

मग पुढे मी तिच्याकडून काजू घ्यायला लागलो, जाता-येता चहा होऊ लागला, आणि पुस्तकाचा विषय मी परत काढला नाही. ते पुस्तक वर्षातून एका दिवशी उघडायचे, दसर्‍याला, आणि संध्याकाळी मिटून, फडक्यात बांधून पोथ्यांच्या पेटीत ठेवायचे. पुढच्या दसर्‍यापर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. हा त्या घरचा रिवाज. प्राध्यापकाचा सगळा डाव याच रिवाजावर उभा राहिला, म्हणून सांगून ठेवतो.

प्राध्यापक माझ्या दुकानात आला तो छत्री झटकत. मऊ बोलणारा माणूस. खुर्चीचा भाव विचारत नव्हता, बसत होता. त्याने पिशवीतून चार-पाच पुस्तके काढून माझ्या टेबलावर ठेवली. सगळी नवी आणि सगळी जुनी. म्हणजे असे की, शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडात छापलेली पुस्तके, ज्यांच्या प्रती आता जगात हाताच्या बोटांवर उरल्या आहेत, त्यांच्या पानापानाचा फोटो काढायचा आणि जसाच्या तसा पुन्हा छापायचा. शाईचा डाग असेल तर डाग छापायचा. किड्याने भोक पाडले असेल तर भोक छापायचे, भोक न पाडता. पान फाटके असेल तर फाटलेल्या कडेचे चित्र येते आणि कागद मात्र चांगला कोरा, सरळ कापलेला. त्याची एक संस्था आहे, ती ही कामे करते. जगभरातून मागणी येते, म्हणाला. ज्यांना मूळ पुस्तक कधी दिसणार नाही त्यांना ते घरी बसून वाचता येते.

मला ते आवडले नाही असे मी म्हणणार नाही. काम साफ होते. एक पान मी अंगठ्याने चाचपले. जुन्या छापाला बोट लावले तर अक्षर कागदात रुतलेले लागते, शेतात नांगराचा तास लागतो तसे. इथे सपाट. शेणाने सारवलेल्या जमिनीचा फोटो काढला तर जमीन दिसेल, पायाला गारवा लागणार नाही. पण दिसायला तीच.

प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला एक सूचना छापली होती. प्राध्यापकाने ती मला मराठीत सांगितली. अर्थ असा की आतले डाग, पुसट अक्षरे, गहाळ पाने हे सर्व दोष मूळ प्रतीतले आहेत, आमचे नव्हेत. मी हसलो. म्हटले, प्राध्यापक, हे माझ्या धंद्याला लावा. तीन पायांची खुर्ची विकतो आणि खाली लिहितो, चौथा पाय सुताराच्या वेळेपासूनच नाही. तोही हसला. त्या हसण्यात आमची ओळख झाली.

मग त्याने विचारले की इकडच्या जुन्या घरांत असे काही इंग्रजी कोणाकडे आहे का. मला घोडा आठवला. मी लगेच सांगितले नाही. आधी माझी दलाली ठरवली, कडाडून ठरवली, मग सांगितले. घेतली दलाली. ती लपवायची मला गरज नाही, ओळख करून देणे हेही कष्टच आहेत.

वहिनी तयार होईना. पुजलेली वस्तू घराबाहेर जात नाही, असे तिचे म्हणणे. प्राध्यापक तिच्या पडवीत त्याच बाकावर बसून दोनदा चहा प्याला आणि तिला समजावले की पुस्तक जीर्ण झाले आहे, फोटो काढले तर निदान त्यातले शब्द वाचतील. ती म्हणाली शब्द वाचून आम्ही काय करणार? त्यावर त्याने मान हलवली, जणू फार मोठे काही ऐकले. पुस्तक कधी काढता, कुठे ठेवता, किती वेळा उघडता, सगळे त्याने प्रेमाने विचारून घेतले. वहिनीने कौतुकाने सांगितले. कौतुकाने विचारणार्‍याला आपण सगळे सांगतो, ही आमच्याकडची खोड आहे.

शेवटी ती म्हणाली, देवाला विचारू. गावच्या देवळात प्रसाद लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली तर होकार. उजवी पडली. मग गावकराने, म्हणजे देवळाच्या मानकर्‍याने, नारळ ठेवून गार्‍हाणे घातले. गार्‍हाणे कोणाच्या तरी शब्दावर घालावे लागते, वस्तू परत आणण्याची जबाबदारी कोणाची ते देवासमोर सांगावे लागते. प्राध्यापक चपला काढून मागे उभा होता, पण तो परगावचा. गावकराने माझ्याकडे बघितले. वहिनीनेही. मी पुढे झालो.

"बा देवा म्हाराजा," गावकर म्हणाला, "ह्या घरातली जी वस्तू आज भायर जाता, ती ह्या माणसाच्या सबदार जाता. गेलेली वस्तू गेल्या वाटेन परत घरात येवंदे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी सगळ्यांत मोठ्याने.

काजूचा हंगाम संपला होता तेव्हा पुस्तक गेले. मी स्वतः टेम्पोत मांडीवर घेऊन पणजीला नेले आणि त्याच्या टेबलावर ठेवले. परत आले ते भर पावसात. त्या दिवशी मी लाटंबार्‍याला होतो, हे प्राध्यापकाला फोनवर मीच बोललो होतो. संध्याकाळी त्याचा फोन, पुस्तक पोचवले, वहिनींनी चहा दिला. तेवढेच. मला बरे वाटले. माझ्या मानेवरचे ओझे उतरले.

वहिनीने मला नंतर सांगितले तो प्रकार असा. नव्या लाल रेशमी कापडात पुस्तक गुंडाळलेले, वर दोरा बांधलेला. चामडे जुन्यासारखेच, फक्त दुरुस्त केल्यासारखे. तो म्हणाला, हवा दमट आहे, आता सोडू नका, पाने चिकटतील. दसर्‍यालाच उघडा. ती म्हणाली, आम्ही दसर्‍यालाच उघडतो. तो म्हणाला, उत्तम. आणि पेटीत स्वतःच्या हाताने ठेवून गेला.

उत्तम, म्हणाला. हा शब्द माझ्या डोक्यात अजून सुतारपक्ष्यासारखा टोचे मारतो.

दसर्‍याच्या सकाळी मी दुकानात हार लावत होतो. फोन आला. वहिनीचा आवाज मला ओळखू आला नाही.

"भाऊ, तुमी येवा," ती म्हणाली. "घोड्याचा कुंकू काळा झाला हा."

मी डिचोलीहून पेडण्याला कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. हार तसाच खुर्चीवर टाकून गेलो. घरात शिरलो तर पूजा अर्धी. समई लागलेली, पोथ्यांना फुले, कोयत्याला हळद, आणि घोड्याचे पान उघडे. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. बोटावरचे ओले कुंकू तिने पदरालाही पुसले नव्हते, बोट तसेच वर धरले होते. नवरा वास्कोला बोटींवर चढ-उतर करणारा. सवाशिणीने लावलेले कुंकू काळे पडले, म्हणजे तिच्या मनात काय आले असेल ते आमच्याकडे कोणाला फोडून सांगावे लागत नाही. तिने त्याला चार वेळा फोन केला होता. पहिल्या तीन वेळा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि क्रेनच्या आवाजात ओरडून विचारले की आज सुट्टीच्या दिवशी जादा पाळीवर आहे तर सतावतेस कशाला. तो जिवंत आहे हे ऐकूनही तिचे समाधान होत नव्हते. आज आहे, पुढचे काय, म्हणत होती.

मी पानाजवळ वाकलो. घोड्याच्या कपाळावर लाल थराच्या जागी काळा डाग. तोच आकार, कडेच्या त्याच खपल्या. मी बोट ओले करून डागावर घासले. कुंकू असते तर बोटाला आले असते. काही आले नाही. अंगठा अक्षरांवरून फिरवला. सपाट. पान उजेडाकडे धरले, कागद दुधासारखा एकसारखा.

ज्या माणसाने रंगाविना फोटो काढला त्याच्या लक्षातही आले नसेल की लाल रंग त्यात काळा उमटतो. किंवा आले असेल, आणि वाटले असेल की ह्या बायांना काय कळते.

"वहिनी," मी म्हणालो, "कुंकू काळे नाही झाले. हे कुंकूच नाही. कुंकवाचा फोटो आहे."

तिने दोनदा विचारून घेतले. मग इतका मोठा श्वास सोडला की समईची वात हलली. ती रडली थोडी, हसली थोडी, नवर्‍याला उगाच सतावले म्हणाली. मग उठून पाटाजवळ आली, खाली बसली आणि घोड्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हंजे हो घोडो आमचो न्हय," ती म्हणाली. "मगे आमचो खय आसा?"

मी नक्कल उचलली आणि त्याच पावली पणजीला गेलो.

प्राध्यापक घरी होता. दाराला झेंडूचे तोरण, आत पाहुणे. मला बघून त्याने पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवले आणि मला व्हरांड्यात आणले. मी नक्कल त्याच्या समोर टाकली आणि मूळ पुस्तक कुठे आहे म्हणून विचारले. तो म्हणाला सुरक्षित आहे. कुठे सुरक्षित? ते सांगून तुम्हाला उपयोग नाही. मी आवाज चढवला. त्याने चढवला नाही, हे मला जास्त लागले. त्याने समजावायला घेतले. अशा प्रती जगात किती थोड्या उरल्या आहेत, त्या घरात दमट हवा, किडे, वर्षाला नवे कुंकू, अजून काही वर्षांत त्याचा भुगा झाला असता.

"वाळवीने खाल्ले असते तर मी वाळवीला विचारले असते," मी म्हणालो. "तुम्ही नेलेत, म्हणून तुम्हाला विचारतो."

"पण शेट, त्या बाईंचे नुकसान काय झाले ते सांगा. पान न् पान तेच आहे. उलट स्वच्छ, मजबूत. त्यांना ते वाचता येत नाही."

"त्यांना वाचायचे नाही. पुजायचे आहे."

"मग पूजेला नक्कल का चालू नये? घरोघरी कॅलेंडरवरच्या देवाला हार घालतातच की. तो देव नव्हे?"

खरे सांगतो, क्षणभर मी अडकलो. शिकलेला माणूस अशा जागी अडकवतो. पण भाव करणारा माणूस जास्त वेळ अडकत नाही.

"कॅलेंडर लावतात ते देवळातली मूर्ती उचलून नेऊन त्या जागी नाही लावत," मी म्हणालो. "आणि लावले तर मूर्ती म्हणून नाही लावत. तुम्ही नक्कल दिली असती आणि नक्कल म्हणाला असतात, तर मी तुमच्या पाया पडलो असतो. दोन्ही वस्तू तिच्या पेटीत ठेवल्या असत्यात तर देवळात तुमच्या नावाने नारळ फोडला असता."

आतून कोणीतरी जेवायला हाक मारली. मग त्याने तो प्रश्न विचारला जो त्याने विचारायला नको होता. माझ्या जवळ सरकून, आवाज अजून मऊ करून.

"तुम्ही व्यवहारी माणूस. हा विषय इथेच मिटवायला काय घ्याल?"

आयुष्यात मला पुष्कळांनी हे विचारले आहे आणि मला तो प्रश्न आवडतो. तो ऐकला की माझे कान टवकारतात. त्या दिवशी पहिल्यांदा मी आकडा न ऐकता नक्कल उचलून उठलो. जाताना त्याच्या व्हरांड्यातली वेताची खुर्ची मी लाथेने उडवली. ती मीच विकलेली होती. मोडली नाही, चांगला माल होता.

घरधनी रविवारी आला तेव्हा मी पेडण्याला गेलो. शांत माणूस. सगळे ऐकून तो म्हणाला की जाऊंदे, शिकल्या माणसाशी आपण वाद घालून आपलीच मान खाली जायची, आणि पुस्तक तर परत आले आहे, घोडा आहे, कपाळावर डाग आहे, अजून काय हवे? तो असे म्हणाला याचा मला राग नाही. त्याला सोमवारी पहाटेची सरकारी बस पकडायची होती. वहिनीने मात्र त्याचे बोलणे पुरे होऊ दिले नाही. तिने त्या दसर्‍याला नकलेला कुंकू लावले नव्हते. मी ती परत आणून दिल्यावर पाटावर न ठेवता पोरांच्या शाळेच्या पुस्तकांत ठेवली होती.

"माका तो पणजेचो माणूस ठावक नाय," ती मला म्हणाली. "माका तुमी ठावक. देवासमोर तुमी उभे रवलात. आमचो घोडो तुमी आणून दिवचो."

चहा दिला, पण बाकावर बसा म्हणाली नाही.

तेव्हापासून मी थांबलेलो नाही. त्याच्या संस्थेत गेलो, तिथल्या बाईने अर्ज करा म्हणून सांगितले. वकिलाकडे गेलो, तो म्हणाला मूळ पुस्तक होते याला पुरावा काय? मी म्हटले कपाळ. तो हसला. पेडण्यात ज्या दारांत मी थेट स्वयंपाकघरापर्यंत जात होतो तिथे आता मला उंबर्‍यावर उभे करतात. एका बाईने परवा समई दाखवली, आणि मी हातात घ्यायच्या आत दोन हातांनी धरली. हसत धरली, पण धरली. हे त्याने माझे नेले. मोडक्या ट्रकपासून जे उभे केले त्यातले हे एकच असे होते की ज्याला भाव लावता येत नाही.

शेवटी मी त्याच्या संस्थेने छापलेल्या त्याच नकलेची आणखी एक प्रत इंटरनेटवरून मागवली. विकायला आहे, कोणीही घ्यावी. सुंदर बांधणी. घोड्याचे पान काढले. कपाळावर तोच काळा डाग. म्हणजे आता लंडनमधल्या, अमेरिकेतल्या, कुठल्या कुठल्या लोकांच्या कपाटात पेडण्याच्या बायकांनी लावलेले कुंकू काळे होऊन बसले आहे आणि त्यांना ठाऊकही नाही की ते कुंकू आहे. सुरुवातीला नेहमीची सूचना आहे. माझ्या पुतणीने ती मला वाचून दाखवली. चित्रावरचा शाईचा डाग मूळ प्रतीतला आहे. आणि खाली एक ओळ: मूळ प्रत एका खासगी संग्रहातून, संग्राहकाच्या सौजन्याने.

मी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा.

मी इथे कोणाचे नाव लिहिलेले नाही. भीतीने नाही. नाव लिहिले की लोक माणसावर बोलतात, वस्तूवर बोलत नाहीत, आणि मला वस्तूवर बोलायचे आहे. ज्याला कळायचे त्याला कळेल. त्याने हे वाचले की त्याचे मित्र त्याला फोन करतील, तेव्हा कळेल.

तर मग प्राध्यापक, सौजन्य कोणाचे? शाईचा डाग म्हणून छापलेत, ती शाई कोणाच्या बोटाची? खासगी संग्रह म्हणजे कोणाचा? पेडण्याच्या त्या पेटीचा असेल तर पुस्तक त्या पेटीत का नाही? तुमचा असेल तर तो तुमचा कधी झाला, कोणी दिला, कोणासमोर दिला? आणि तिसर्‍या कोणाचा असेल तर त्याचे नाव सांगा, मी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. मऊ बोलू नका, कागदावर सूचना छापू नका. पुढच्या दसर्‍याच्या आधी पेडण्याला या, त्या बाईच्या समोर बसा, आणि तिचा घोडा कुठे आहे त्याचे उत्तर द्या.